ब्रेकचं ऑइल जातं कुठं?

ह्या वेळी टपालात ब्रेकच ब्रेक आलेत. पावसाळा सरला की घरात झाकून ठेवलेल्या जुन्या गाड्या बाहेर निघतात, त्यात कोजागिरीला तुळजापूरला चालत गेलेल्यांना आणायला निम्मं सोलापूर गाड्या घेऊन जातं, मग घाटात काय काय होतं ते कळतं. एकाच प्रकारचे प्रश्न बरेच होते म्हणून त्यातले पाच निवडलेत, पहिल्याला जरा जास्त जागा दिलीय कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : काका, माझ्याकडं १९९८ची मारुती ८०० आहे, वडिलांनी घेतलेली, विकायची नाही. हल्ली ब्रेक पहिल्या दाबाला पार खाली जातो, लगेच दुसऱ्यांदा मारला की कडक लागतो. ब्रेक ऑइलची डबी पण दर पंधरा-वीस दिवसांनी उतरलेली दिसते, मी टाकत राहतो. एक मिस्त्री म्हणतो शू संपले, दुसरा म्हणतो मास्टर सिलेंडर गेला. मला पाना धरता येतो, पार्किंगला जागा आहे, मागचे दोन्ही ड्रम घरीच उघडून सगळं नवं करावं म्हणतोय. जमेल का? (एक वाचक, जुळे सोलापूर)

उत्तर : जमेल. पण शू (चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतनं दाबून थांबवणाऱ्या कमानी) आणायला दुकानात जायच्या आधी एक काम करा, ऑइल जातं कुठं ते शोधा. ब्रेक ऑइल पेट्रोलसारखं जळत नाही, उडून पण जात नाही. पुढचे पॅड झिजतात तशी डबीतली पातळी उतरते हे खरं, पण ते महिनोन्‌महिने हळूहळू, पंधरा दिवसांत दिसेल असं नाही. म्हणजे तुमच्याकडं गळती आहे, आणि जिथं गळती आहे तिथं नवे शू टाकले तर ते पण आठवड्यात ऑइल पिऊन बसणार, पैसे पाण्यात.

चाकं काढायच्या आधीच टॉर्च घेऊन खाली वाका. मागच्या चाकांची आतली बाजू बघा, टायरच्या आतल्या अंगाला किंवा बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) खालच्या कडेला ओला काळा ओघळ दिसला तर चोर सापडला, व्हील सिलेंडर (चाकात शू ढकलणारा). पुढची चाकं, होज (रबरी नळी) आणि पाइपचे सांधे पण बघून घ्या. कुठंच ओल नसेल तर आत ड्रायव्हरच्या पायाशी बघा, पॅडलचा दांडा जिथून पुढं जातो तिथं ओलं असेल तर मास्टर सिलेंडर (पॅडल दाबलं की ऑइल पुढं ढकलणारा). बूस्टरवाली (पायाचा जोर वाढवणारा डबा असलेली) गाडी असेल तर ते ऑइल बूस्टरच्या पोटात जातं, बाहेर दिसत पण नाही.

आता दोन मिस्त्र्यांचं भांडण. मास्टर सिलेंडरचा आतला रबर गेला असेल तर पाय दाबून धरला की पॅडल हळूहळू बसत जातं. तुमचं तसं नाही, पहिला दाब खाली आणि दुसरा कडक, ह्याचा अर्थ शू आणि ड्रममध्ये अंतर वाढलंय नाहीतर लाइनीत हवा शिरलीय. व्हील सिलेंडर गळत असेल तर ह्यातलं दुसरं होतंच. त्यामुळं माझा संशय मागच्या सिलेंडरवर, शूवाला मिस्त्री निम्मा बरोबर असेल.

कामाला सुट्टीचा अख्खा दिवस ठेवा आणि संध्याकाळी गाडी लागणार नाही असं बघा, घाईत ब्रेक करू नये. चाकाचे नट आणि हबचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, वर उचलून जोर लावला की गाडी हलते. हबच्या नटातली स्प्लिट पिन काढा ती फेकून द्या, नवी आणून ठेवा, जुनी सरळ करून परत घालायची सवय आपल्याकडं फार आहे. हँडब्रेक सोडावा लागणार, पण ८०० चं इंजिन पुढची चाकं फिरवतं म्हणून गियरमध्ये टाकून ठेवली की पुढची चाकं धरून राहतात, तरी दगड लावाच. जॅकनं उचला आणि घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणारी माणसं मी बघतो आणि काय बोलावं ते मला सुचत नाही, विटांचा थर पण नको, वीट फुटते.

ड्रम निघत नाही हा पहिला अडथळा. झिजलेल्या ड्रमला कडेला ओठ तयार होतो आणि शू आतून त्याला अडकतात, म्हणून आधी ॲडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर कमीजास्त करणारा) मागं घेऊन शू आत ओढायचे. काही ड्रमला तोंडावर दोन आटे पाडलेली भोकं असतात, त्यात बोल्ट घालून थोडं थोडं दोन्हीकडं सारखं आवळलं की ड्रम पुढं येतो. नाहीतर लाकडी हातोड्यानं सगळीकडनं फिरवत ठोका. लोखंडी हातोडा कडेवर मारू नका, ड्रम बिडाचा असतो, टवका उडतो.

उघडल्यावर आत काळी भुकटी दिसेल. ती फुंकायची नाही, कंप्रेसरची हवा मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असायचं आणि तुमच्या गाडीत मागच्या पंचवीस वर्षांत कुणी कसले स्वस्तातले लायनर घातलेत हे कुणाला माहीत. ते छातीत गेलं की त्याचा आजार कित्येक वर्षांनी उठतो, कॅन्सर पण होतो. साबणाचं पाणी फवारून ओलं करा, ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला मास्क लावा. आपल्या गॅरेजमध्ये पोरं हवा मारून धुरळा उडवतात आणि त्यातच उभं राहून चहा पितात, त्यांना पण जमलं तर सांगा.

दोन्ही बाजू एकदम उघडू नका हे मात्र ऐका. एक बाजू जोडून झाली की मगच दुसरी, म्हणजे स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे बघायला शेजारी नमुना असतो (आरशासारखा उलटा, एवढं ध्यानात ठेवायचं). मोबाइलवर फोटो काढाच, पण फोटोत स्प्रिंग शूच्या पुढनं आहे का मागनं ते नेमकं दिसत नाही. खाली जुनी चादर अंथरा, सोलापुरात ती काय कमी नाही, स्प्रिंग सुटून उडाली तरी चादरीवर पडते, गटारात जात नाही. डोळ्याला चष्मा हवाच.

आता सिलेंडर. दोन्ही टोकांची रबरी टोपी नखानं उचला, आत ओलं असेल तर तो गेला. खोलून आत बोट फिरवा, भिंत काचेसारखी गुळगुळीत असेल तर रबर किट घालून चालतं, खड्डे किंवा गंजाची रेघ बोटाला लागली तर किटचे पैसे वाया, नवा रबर त्या खड्ड्यावर दोन महिन्यांत फाटतो. ८०० चा आख्खा सिलेंडर सहज मिळतो म्हणून तुम्ही सरळ नवाच घाला असं मी म्हणेन. पद्मिनी, स्टँडर्ड असल्या गाड्यावाल्यांना किटवर भागवावं लागतं, त्यांनी आतनं बारीक होनिंग (घासून गुळगुळीत) करून घ्यावं. किट घालताना रबराचा ओठ आतल्या बाजूला, म्हणजे ऑइलकडं तोंड करून. रबर धुवायला पेट्रोल, रॉकेल, डिझेल काही वापरायचं नाही, त्यानं रबर फुगतो आणि ब्रेक जाम होतात. ब्रेक ऑइलनंच धुवा.

पाइपचा नट ही खरी परीक्षा आहे. साध्या दोन तोंडी पान्यानं तो गोल होतो, त्यासाठी फटीवाला रिंग पाना मिळतो तो घ्या. नटाबरोबर पाइप पण पिळायला लागला तर थांबा, उलटसुलट थोडं थोडं हलवत सोडवा. पाइप तुटला किंवा गंजून पापुद्रे निघालेले दिसले तर तिथं घरचं काम संपलं, नवा पाइप बनवून आणायचा, जोड देऊन चालवायचं नाही.

ड्रमच्या आत बोट फिरवून बघा. बारीक रेघा चालतात, खोल चरे असतील तर लेथवर कट मारून घ्यावा लागेल, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणीही मारून देईल, पण मारायच्या आधी ड्रमवरच ओतीव आकड्यात जास्तीत जास्त व्यास लिहिलेला असतो तो लेथवाल्याला दाखवा. कट मारून तो आकडा ओलांडणार असेल तर ड्रम भंगारात. एकाला कट मारला तर दुसऱ्याला पण तेवढाच मारा. शू दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे.

जोडताना बॅकप्लेटवर जिथं शूची कड घासते तिथं उंचवटे असतात, त्यांवर ब्रेकचं उष्णता सोसणारं ग्रीस अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढंच. साधं ग्रीस वितळून लायनरवर येतं. लायनरला तुमचे तेलकट हात लागले असतील तर पॉलिश पेपरनं हलकं घासून घ्या.

मग ॲडजस्टर, ड्रम हातानं फिरवताना नुसता खर्र असा स्पर्श लागला पाहिजे, अडकता कामा नये. त्यानंतर हवा काढायची. साधारण मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, पण तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात क्रम वेगळा दिला असेल तर पुस्तकाचं ऐका. निपलला (चाकापाशी हवा काढायच्या तोंडाला) पारदर्शक नळी लावून दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा, घरातलं कुणीतरी पॅडलवर बसवा. तुम्ही "दाब" म्हणायचं, निपल सोडायचं, बंद करायचं, मग "सोड". बंद करायच्या आधी "सोड" म्हटलं की हवा परत आत. डबी मध्येच रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. आणखी एक, जुन्या गाडीत पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणजे पॅडल तळाला जाणार नाही, कारण मास्टर सिलेंडरचा पुढचा भाग कित्येक वर्षं वापरलेला नसतो, तिथं गंज धरलेला असतो आणि पिस्टन तिथं गेला की चांगले रबर फाटतात. ब्रेक केले आणि दुसऱ्याच दिवशी मास्टर गेला असं लोक सांगतात त्यातल्या बऱ्याच जणांचं हेच झालेलं असतं.

हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी, आधी आवळली तर शू पूर्ण मागं येत नाहीत आणि ॲडजस्टमेंट सगळी खोटी ठरते. मग पॅडल जोरात दाबून मिनिटभर धरा, दुसऱ्याला सांधे बघायला सांगा. कोरडं असेल तर पार्किंगमध्येच चालण्याच्या वेगानं थांबवून बघा, मग रिकाम्या रस्त्यावर चाळीस-पन्नासवरनं हलके हलके ब्रेक मारत, मध्ये थंड होऊ देत. नवे शू पहिल्या दिवसात कमी धरतात, लगेच हायवेला जाऊ नका. आठवड्यानं डबी परत बघा. उतरली नसेल तर झालं.

प्रश्न : नमस्कार मामा, शेतातली जुनी जीप हाय, ब्रेक मारला की डावीकडं वढूलालीय. डावं चाक खोललं, साफ केलं, शू बदलले, तरी तसंच करूलालीय. आता काय करू? (वाचक, मोहोळ तालुका)

उत्तर : डावं चाक निर्दोष आहे हो, त्याला उगाच शिक्षा झाली. गाडी जिकडं ओढते तिकडचं चाक जास्त धरतंय, म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूचं चाक धरतच नाही. उजवं पुढचं उघडा. आधी टायरमधली हवा दोन्हीकडं सारखी आहे का बघा, ते फुकटात होतं. उजवीकडं सिलेंडरचा पिस्टन जाम असेल, नाहीतर हबचं सील गळून लायनरवर ग्रीस आलं असेल, नाहीतर होज. जुनी रबरी होज बाहेरनं धडधाकट दिसते आणि आतनं फुगून बंद झालेली असते, ऑइल पुढं जातच नाही, किंवा गेलेलं परत येत नाही आणि चाक धरून बसतं. ड्रम हातानं फिरवा, जाम असेल तर निपल सोडून बघा, निपल सोडल्यावर चाक मोकळं झालं तर होज बदला.

मागचं चाक तेलकट निघालं तर सील बदलायच्या आधी डिफरन्शियलवरचा (मागच्या एक्सलमधल्या गियरच्या पेटीवरचा) ब्रीदर, म्हणजे हवा जायचं भोक, साफ करा. काळ्या रानातल्या चिखलानं तो बुजतो, मग आतलं तेल गरम झालं की दाब कुठनं जाणार, सीलमधनंच. ब्रीदर बुजलेला ठेवून सील बदलली की नवी पण गळते आणि लोक सीलच्या कंपनीला शिव्या देतात. तेल प्यालेला लायनर रॉकेलनं धुवून, तव्यावर भाजून परत लावायचा प्रकार गावाकडं चालतो, तो करू नका, वरनं कोरडा दिसतो आणि गरम झाला की आतलं तेल परत वर येतं.

प्रश्न : बाबांची चेतक मी वापरते. मागचा ब्रेक पायानं पार खालपर्यंत दाबला तरी लागत नाही आणि पुढचा लागतो पण किंचाळतो, रस्त्यावरचे वळून बघतात. केबल आवळून आवळून आता आटे संपले. (वाचक, विजापूर रोड)

उत्तर : ताई, आटे संपले म्हणजे लायनर संपले, केबलचा दोष नाही. ब्रेक दाबून धरलेला असताना चाकापाशी जो छोटा लिव्हर फिरतो त्याच्यात आणि केबलमध्ये साधारण काटकोन असायला पाहिजे, तो काटकोनाच्या फार पुढं गेला असेल तर कितीही आवळा, जोर वाया जातो. काही जण लिव्हर काढून एक दात मागं बसवून देतात, त्यानं पॅडल वर येतं पण लायनर काही परत उगवत नाही, रिबीट ड्रमला घासायला लागतात.

मागचं चाक नट काढले की निघतं, ड्रम मधल्या नटावर आणि स्प्लिट पिनवर असतो. उघडल्यावर शू ओले आणि काळे चिकट असतील तर ते गियर बॉक्सचं ऑइल आहे, चेतकमध्ये मागच्या एक्सलचं ऑइल सील गेलं की ते सरळ ब्रेकवर येतं. आधी सील, मग शू. शू कोरडे असतील तर नुसते बदला आणि कॅमच्या (शू फाकवणाऱ्या) दांड्याला थोडं ग्रीस द्या, तो सुकून जड झाला असेल तर ब्रेक मारल्यावर परत सुटत नाही.

पुढचं किंचाळणं म्हणजे लायनरवर चकाकी आलीय. पॉलिश पेपरनं ती उतरवा आणि शूच्या दोन्ही टोकांची कड कानशीनं जरा तिरपी करा. ड्रममधला धुरळा ओल्या फडक्यानं पुसा. बहुतेक गप्प बसेल.

प्रश्न : मागच्या वर्षीचं ब्रेक ऑइल अर्धा डबा शिल्लक आहे, वापरू का? आणि डॉट ३ मध्ये डॉट ४ (डब्यावर लिहिलेली ब्रेक ऑइलची प्रत) चालतं का? (बरेच वाचक)

उत्तर : उघडलेला डबा वापरू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असते म्हणून सोलापुरात चालतं असं एकानं मला पटवून द्यायचा प्रयत्न केला, पण जून ते सप्टेंबर डबा काय पेटीत असतो का? नव्या डॉट ३ चा उकळबिंदू कमीत कमी २०५ अंश, पाणी शिरलं की १४० वर येतो. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. डॉट ३ मध्ये डॉट ४ चालतं, डॉट ५.१ पण त्याच जातीचं. नुसतं डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते ह्यांत मिसळायचं नाही, नाव सारखं म्हणून दुकानात घोटाळा होतो. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदला. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग सोलतो.

प्रश्न : चारी ड्रमची जुनी अँबॅसॅडर आहे. तुळजापूरहून येताना घाट उतरला आणि खाली ब्रेक लागेनात, घाम फुटला. बाजूला घेऊन अर्धा तास थांबलो, परत व्यवस्थित. घरी तपासलं, काही सापडलं नाही. (वाचक, मुरारजी पेठ)

उत्तर : थंड झाल्यावर सापडणार नाहीच. त्या वेळी पॅडल कसं होतं ते आठवा, त्यावर सगळं आहे. पॅडल कडक होतं पण गाडी थांबत नव्हती, तर लायनर तापून त्यांची पकड गेली. पॅडल नेहमीपेक्षा खाली जाऊन मग लागत होतं तर ड्रम तापून फुगला आणि शूपासून लांब गेला, डिस्कला हा त्रास नाही, ड्रमला आहे. आणि पॅडल स्पंजासारखं होऊन तळाला गेलं असेल तर ऑइल उकळलं, लाइनीत वाफ झाली, वाफ दाबली जाते आणि जोर चाकापर्यंत पोचत नाही. हे तिसरं सगळ्यात वाईट आणि बहुतेक वेळा जुन्या ऑइलमुळं होतं, वरचं उत्तर वाचा.

उतारावर पाय ब्रेकवर टेकवून ठेवू नका, ज्या गियरनं घाट चढला असता त्याच गियरनं उतरा, न्यूट्रल तर अजिबात नको. पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलवर सोडणारे मला दर वर्षी भेटतात. ब्रेक मारायचा तेव्हा ठोस मारून वेग कमी करायचा आणि सोडायचा, मध्ये ड्रमला वारा लागू द्यायचा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, बीड तडकतं. थांबल्यावर हँडब्रेक पण ओढून ठेवू नका, गियरमध्ये टाकून दगड लावा.

पुढच्या फेरीआधी चारी चाकांचं ॲडजस्टमेंट करून घ्या आणि ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल तर ते आधी बदला. त्यानंतरही घाटात तसंच झालं तर पॅडल कसं होतं ते लिहून पाठवा.